दहावी मूठ

धुळ्याच्या बसस्टँडवर मी मुंबईची गाडी पकडली तेव्हा आबांनी मला पाच वेळा एकच प्रश्न विचारला, "पासपोर्ट कोठे शे?" पाचही वेळा मी पर्सची चेन उघडून दाखवली. गाडी लागेपर्यंत बाप-लेकीत एवढंच बोलणं झालं. मायचं वेगळं होतं. ती पारोळ्याहून धुळ्यापर्यंत काही बोलली नव्हती आणि गाडी सुरू झाल्यावर, खिडकीला हात लावून चालत चालत, तिनं सगळं एका दमात सांगितलं. खाण्यापिण्याचं, थंडीचं, जावयाच्या रागाचं. शेवटी म्हणाली, "आनि पोर, घरनी गोट घरमा ऱ्हावू दे. परका लोकेस्ले काय सांगनं?"

मी मान हलवली. चालत्या गाडीत माणूस कशालाही मान हलवतो.

याला आता नऊ वर्षं झाली. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवन नावाच्या गावी राहते. नवरा मूळचा साक्रीकडचा, इथे इंजिनियर; आम्हाला एक लेक आहे. मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करते आणि उरलेल्या वेळात मराठीत ब्लॉग लिहिते. त्या ब्लॉगवर मी मायचा तो शब्द इतक्या वेळा मोडलाय की आता मोजदाद नाही. हे लिहिते आहे ते दोघांसाठी: जे माझ्यासारखे निघून गेले त्यांच्यासाठी, आणि जे मागे राहिले आणि आमचं लिहिलेलं वाचून कपाळावर हात मारतात त्यांच्यासाठी. दुसऱ्या गटातली माणसं मला फार वेळा विचारतात, की घरातलं असं चव्हाट्यावर का मांडता? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे याचं एक उत्तर होतं, ते गेल्या वर्षी बदललं.

आधी पहिलं उत्तर सांगते. आमच्या गावात घराला ओटा असतो. संध्याकाळी बाया ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, काय भाजी करी, पोरगी का रडत होती, नवरा का आला नाही. तिथे खाजगी असं काही उरतच नाही. तिथून सुटावं म्हणून मी लहानपणी देव पाण्यात घालून बसले होते. सुटले एकदाची, आणि आइंडहोवनला येऊन पडले. इथे शेजारच्या आजोबांनी पहिल्या दोन वर्षांत माझ्याशी एकाच विषयावर बोलणं केलं, की ओला कचरा हिरव्या डब्यात टाकायचा. भला माणूस. पण माझ्या घरात आज काय शिजलं, कोण रडलं, याची त्यांना काडीची फिकीर नव्हती, आणि का असावी? पहिल्या हिवाळ्यात मी एकदा सुपरमार्केटच्या बाईला, तिनं न विचारता, सांगून टाकलं की माझी लेक तापानं फणफणली आहे. तिनं पावती दिली आणि शुभ दिवस म्हणाली. त्या आठवड्यात मी ब्लॉग उघडला. नाव ठेवलं 'ओटा'.

ज्याला कोणी विचारत नाही तो आपणहून सांगू लागतो, एवढी साधी गोष्ट आहे ती. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. एक बाई ऑस्ट्रेलियातून आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल लिहिते. एकजण पुण्यातून बापाच्या आजारपणाची रोजनिशी लिहितो, आज किती पाणी प्यायले, कोणावर ओरडले. मी या माणसांना कधी भेटले नाही, पण त्यांच्या सासवांचे स्वभाव मला तोंडपाठ आहेत. यात थोडी हौस आहे, हेही कबूल करते. चारशे अनोळखी माणसांनी 'तुमच्या मायचा किस्सा वाचून डोळे पाणावले' असं लिहिलं की बरं वाटतं. आपल्या मायनं ते चारशे जण ओळखीचे नसताना रडवले, हा मोठेपणा तिचा की माझा, हे मी कधी तपासलं नाही.

आणखी एक सोय होती. मराठी. इथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून मला वाटायचं की मी कडीकुलपात लिहितेय. नवऱ्याबद्दल लिहिलं तरी त्याच्या साहेबाला कळणार नाही, शाळेतल्या बायांबद्दल लिहिलं तरी त्यांना कळणार नाही. ज्या एका भाषेत मी लपत होते तीच भाषा माझं अख्खं गाव वाचतं, हे चार बुकं शिकलेल्या बाईच्या डोक्यात यायला सात वर्षं लागली. माझ्या डोळ्यांसमोर गाव होतं ते मी सोडलं तेव्हाचं. आबांच्या हातात तेव्हा बटणांचा फोन होता.

आता ज्या गोष्टीनं हे सगळं उघड्यावर आलं ती सांगते.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवीची स्थापना, सोमवारी विसर्जन. तिच्यासाठी पुरणाचा जो स्वयंपाक होतो त्याला आम्ही रोट म्हणतो, आणि या रोटाचे नियम कडक. आमच्या भाऊबंदकीत रोटाचे गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक मूठ सुपात पडते. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. कोणी दूर असला तरी त्याची मूठ चुकत नाही. माझ्या नवऱ्याची मूठ साक्रीला सासूबाई दरवर्षी टाकतात, तो इथे ऑफिसात ब्रेड खात असतो तेव्हा. बायकांची मूठ नसते. रोट भाऊबंदकीच्या बाहेर जात नाही, शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत तो संपवायचा.

आमच्याकडे रोट होतो तो आबांच्या थोरल्या भावाकडे. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पण गहू मोजायचा मान माझ्या मायचा आहे, कारण आजी जाताना सूप तिच्या हातात देऊन गेली. माय शाळेत गेली नाही, सही अंगठ्याची, चारचौघांत तोंड उघडत नाही. वर्षातून त्या एका सकाळी ती पाटावर बसते, एकेक नाव घेते, मूठ टाकते, आणि नानांसकट सगळी माणसं गप्प बसून बघतात. तिच्या आयुष्यात मान म्हणावा असा तेवढाच.

माझा सख्खा भाऊ सुरतेला असतो. मी त्याला भाऊच म्हणते. कापडाच्या मिलमध्ये लागला, तिथेच परजातीतल्या मुलीशी लग्न केलं. नानांनी सांगून टाकलं की तो आता आपल्यातला नाही. आबा थोरल्या भावापुढे काही बोलले नाहीत, आणि नंतर घरीही बोलले नाहीत. सात वर्षं भाऊचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही. मी दिवाळीला त्याला फोन करायची. तो विचारायचा, पाऊसपाणी कसं आहे. मीही सांगायची, पाऊसपाणी कसं आहे ते, आइंडहोवनहून.

दोन वर्षांपूर्वी मी श्रावणात माहेरी होते. गहू मोजायच्या दिवशी लेकीला घेऊन दारात बसले होते, मायच्या मुठी मनातल्या मनात मोजत. भाऊबंदकीत पुरुष नऊ. मुठी पडल्या दहा. नऊ नावं तिनं मोठ्यानं घेतली, आणि सूप सारखं करता करता, कोणाचं लक्ष नाही असं बघून, आणखी एक.

सोमवारी देवी नदीवर गेली. बुधवारी दुपारी मी पाणी प्यायला आत गेले तर माय चुलीपुढे उभ्यानं शिळी पुरणपोळी दुधात बुडवून खात होती. भूक नसताना खातेय हे दिसत होतं. मी विचारलं तेव्हा तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"तुना भाऊना वाटानं शे," ती म्हणाली. "मूठ टाकी म्हनजे कोनी तरी खावाले जोयजे."

दरवर्षी? दरवर्षी. आबांना माहीत आहे? नाही.

"घरना पोऱ्या शे तो. मोजाले काय जास?" मग मला जवळ घेऊन म्हणाली, "कोनले सांगू नको."

मी पुन्हा मान हलवली, आणि या वेळी तर गाडीही चालू नव्हती.

इकडे परतले. पाच-सहा महिने गप्प राहिले, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते. मग थंडीत एका दुपारी लेक शाळेत, नवरा ऑफिसात, बाहेर चार वाजताच दिवे लागलेले, तेव्हा मी ते लिहिलं. चांगलं लिहिलं. दहावी मूठ, उभ्यानं खाल्लेली पोळी, सगळं. शेवटी माझंही थोडं घातलं: की भाऊची मूठ निदान चोरून तरी पडते, माझी कुठेच पडत नाही. माहेरी लेक म्हणून नाही, सासरी बाई म्हणून नाही. तेव्हा मी इथे ब्लॉगवर बसून माझी मूठ मीच टाकते, असं काहीसं. वाचकांना फार आवडलं.

आवडलेल्यांत ज्योती वहिनी होती. ही नानांची धाकटी सून, धुळ्याला शाळेत शिकवते. तिला इतकं आवडलं की तिनं भरल्या मनानं ते घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'ताई, तुम्हनं लिखेल भारी शे.' तिच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्याही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती आम्ही दोघींनी मिळून उघडली.

दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला. ती स्वतःहून फोन लावत नाही, कोणाकडून तरी लावून घेते. आवाज रोजचाच होता.

"तू काय लिखी टाकं व?" एवढंच म्हणाली.

मग कळलं ते असं. नानांनी सगळ्यांना बोलावलं होतं. बाहेर गेलेल्या माणसाची मूठ पडत नाही, देवीच्या सुपात चोरी झाली, पुढच्या साली गहू दुसरीच्या हातानं मोजू, असं ते म्हणाले होते. पक्कं रविवारी करायचं होतं. माय मला रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "जावू दे. हात बी दुखतंस आते मना," आणि फोन ज्याचा होता त्याला परत दिला.

मी ती पोस्ट काढून टाकली. एक बटण दाबलं की जाते. गावात काही बटण नव्हतं. सत्तर वर्षांच्या बाईच्या हातातलं सूप काढून घेणार होते, माझ्या चार टाळ्यांसाठी. मला स्वतःची किळस आली. चार दिवस मी कोणाचीच पोस्ट वाचली नाही, स्वतःची तर नाहीच.

शनिवारी भाऊचा फोन आला. दिवाळी नसताना.

"काढी का टाकं व?" त्यानं विचारलं.

त्यानं ती पोस्ट वाचली होती. माझ्या ब्लॉगवरचं पहिल्यापासूनचं सगळं तो वाचत आला होता, कधी बोलला नव्हता. मिलच्या सुट्टीत फोनवर वाचायचा. घर कसं आहे, आबांचा गुडघा कसा आहे, दारातलं लिंबाचं झाड का तोडलं, हे त्याला माझ्या लिहिण्यातूनच कळत होतं, कारण त्याला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. मी पाऊसपाणी सांगत होते.

"तुनी वहिनीले वाची दावनं व्हतं," तो म्हणाला. "तिले मराठी येत नही. मी गुजरातीमा सांगतू." मग विचारलं, "माय खरंच टाकस का मनी मूठ?"

मी म्हटलं, टाकते. सात वर्षं टाकते, आणि तुझ्या वाटचं स्वतः खाते.

मागं कोणीतरी गुजरातीत काही विचारत होतं. मग त्यानं फोन ठेवला.

त्या फोननं माझं पहिलं उत्तर बदललं. मला वाटत होतं मी परक्यांना सांगतेय. घरातली गोष्ट घरात ठेवायची हा नियम घरातल्यांना बरा पडतो. ज्याला घरानंच बाहेर काढलं त्याच्यापर्यंत ती पोचायची कशी? माय त्याला सांगू शकत नव्हती, मी शब्दात अडकले होते, आबांचं तोंड बांधलेलं. चारशे परक्यांच्या गर्दीत एक जण घरचा उभा होता, आणि त्याला ते कळायला मधे तेवढी गर्दी लागली. प्रत्येक लिहिणाऱ्याचं असंच असतं असं मी म्हणणार नाही. पण ऑस्ट्रेलियातली ती बाई कोणाला उद्देशून लिहिते, याचा मी आता थोडा वेगळा विचार करते.

रविवारी नानांच्या ओट्यावर काय झालं ते ज्योती वहिनीनं मला नंतर सांगितलं. ती बिचारी आठवडाभर जेवली नव्हती. सगळे बसले. माय भिंतीला टेकून, पदर डोक्यावर. नानांनी विषय काढला. आणि आबा, जे थोरल्या भावापुढे चाळीस वर्षांत मोठ्यानं खोकलेही नव्हते, ते म्हणाले, "पोरनी मोजामा चूक शे."

सगळे बघायला लागले.

"दहावी मूठ पोटमाना पोऱ्यानी व्हती," आबा म्हणाले. "परदेशमा ऱ्हास ती. तिले काय याद ऱ्हाई?"

ज्योती वहिनीला त्या श्रावणात सहावा महिना होता. दिवाळीत तिला मुलगा झाला. आता ज्याला मोजता येतं त्या प्रत्येकाला माहीत होतं की पोटातल्या बाळाची मूठ आमच्याकडे कधीच कोणी टाकली नव्हती, आणि ते मूल मुलगा होणार हे श्रावणात कोणालाही ठाऊक नव्हतं. नानांना तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत. ते आबांकडे बघत राहिले. वहिनीच्या मांडीवर ते बाळ होतं, त्याच्याकडे बघितलं. स्वतःचाच नातू. मग म्हणाले, "चहा टाका."

मुलगी झाली असती तर आबांनी काय सांगितलं असतं कोण जाणे.

सूप मायकडे राहिलं. आबांनी मला फोन केला तो तीन आठवड्यांनी. मी तयारीत होते. त्यांनी आधी इथली थंडी विचारली. मग म्हणाले की त्यांनी पोस्ट वाचली, अक्षर मोठं करून, दोनदा. "लिखस ते लिख," म्हणाले. "पन मोजीसन लिख."

मी पोस्ट परत लावली. खाली एक ओळ घातली: वडिलांच्या मते लेखिकेच्या मोजण्यात चूक झालेली आहे. ती ओळ आजही तिथे आहे आणि काही वाचकांना ती विनोदी वाटते.

त्यानंतरच्या श्रावणात मी इथेच होते. ज्योती वहिनीनं गहू मोजायचा व्हिडिओ पाठवला, या वेळी आधी विचारून. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाच्या मधल्या सुट्टीत मी तो लावला. माय पाटावर, सूप समोर. नावं घेत मुठी टाकतेय. नाना, आबा, सगळे चुलतभाऊ, त्यांची मुलं. दहावं नाव ज्योती वहिनीच्या बाळाचं, ते बाळ सुपात हात घालू बघतंय. दहा झाल्या. मायनं सूप ओढून घेतलं. या वेळी तिचा हात खरोखरच थांबला. इतक्या जणांसमोर ती आता चोरी कशी करणार?

"आखो एक," आबांचा आवाज आला. ते चित्रात दिसत नाहीत.

नाना दिसतात. ते खाली चटईकडे बघताहेत. मायनं मूठ भरली आणि टाकली. नाव घेतलं नाही, पण लपवलीही नाही. अकरा.

मी व्हिडिओ बंद करणार होते, भाऊला पाठवायला. तेवढ्यात आबा पुन्हा बोलले, तसंच, गुळाचा भाव सांगावा तशा आवाजात.

"आखो एक."

मायनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कोणाची, हे तिनं विचारलं नाही. आणखी एक मूठ पडली. व्हिडिओ तिथे संपतो. मी तो चार वेळा पुन्हा लावून मोजला, मोजून लिहायचं सांगितलंय म्हणून. बारा आहेत.

घर म्हणजे काय, हे आम्ही गेलेली माणसं फार विचारतो, आणि उत्तरात बहुधा वास सांगतो, चव सांगतो. मी त्या रोटाचा घास कधी खाणार नाही. लग्न झालेल्या लेकीला तो चालत नाही आणि हा नियम कोणी बदललेला नाही. भाऊही अजून आलेला नाही; येईल की नाही हे मला सांगता येत नाही. पण पौर्णिमेच्या दिवशी मी मायला फोन केला आणि विचारलं, रोट संपला का?

संपला, म्हणाली. जास्तीचे दोन वाटे यंदा तिला खावे लागले नाहीत.

"तुना बाप खाई ऱ्हायना तीन दिन," ती म्हणाली. "पोट बिघडनं त्यासनं. पन कोनले हात लावू दिना नही."